ओमोइकोमु, कांगाएकोमु, वासुरे... काय? ‘कोमु’ दर वेळी चुकतंय त्यांच्यासाठी

जपानी शिकताना एन३ पर्यंत (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतली मधली पातळी, एन२ त्याच्या वरची) सगळं बरं चाललेलं असतं. ते-फॉर्म (आपल्या ‘करून’सारखं क्रियापदाचं रूप) पाठ, कांजी (चिनी वळणाची चिन्हं) बऱ्यापैकी, कानाला सवय झालेली, आणि मग एन२ च्या तयारीत एक दिवस जोडक्रियापदं समोर येतात, दोन क्रियापदं एकमेकांना चिकटलेली, आणि त्यातलं दुसरं ‘कोमु’ असलं की डोकं फिरतं. तोबिकोमु, मोशिकोमु, ओचिकोमु, हानाशिकोमु, ओमोइकोमु. डिक्शनरीत बघावं तर उडी मारणे, अर्ज करणे, निराश होणे, गप्पांत रंगणे, खात्री असणे... यांचा एकमेकांशी काय संबंध? मग आपण पन्नास शब्दांची यादी करतो, घोकतो, डिसेंबरची जेएलपीटी देऊन येतो आणि जानेवारीत मेल लिहिताना परत तीच चूक करतो.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत जपानी क्लायंटचं काम बघते आणि ही चूक मी स्वतः इतक्या वेळा केलीये की आता नवीन आलेल्या पोरांच्या ड्राफ्टमध्ये ती लांबूनच दिसते. तशीच्या तशी, त्याच जागी. म्हणजे दोष एकट्या माझा नाही, मराठी बोलणारं डोकं जपानी शिकताना जिथे हमखास घसरतं अशी ही जागा आहे. आणि सुटका पण मराठीनेच होते, ते पुढे सांगते.

आधी चूक बघा

क्लायंटकडून एक प्रपोजल आलं होतं, स्क्रीनचा क्रम बदलायचा वगैरे. आमच्या टीमने दोन दिवस त्यावर खरंच डोकेफोड केली होती आणि मला ते कळवायचं होतं, की बाबांनो, आम्ही यावर खूप खोलवर विचार केलाय. आता ओमोउ म्हणजे वाटणं, विचार करणं. कोमु म्हणजे आत, खोल. झालं की! लिहिलं, "गो-तेइआन नि त्सुइते, चीमु दे ओमोइकोमिमाशिता." पाठवून मोकळी झाले, चहाला गेले.

परत येते तर एका ओळीचं उत्तर. "नानि ओ ओमोइकोमारेता नो देशो का." यातलं ‘कोमारेता’ कर्मणी नाहीये बरं का, आदरार्थी आहे. इतक्या आदराने विचारलेलं वाक्य काय होतं, तर "आपण नक्की काय समजून बसला आहात?"

अर्थात तेव्हा मला ते असं मराठीत कळलंच नाही. मला वाटलं ते तपशील मागतायत, म्हणून मी आणखी मोठा मेल लिहायला घेतला. नशीब, पाठवायच्या आधी टीममधल्या जपानी बाईंना दाखवला. त्या माझ्या आईच्या वयाच्या, फार कमी बोलतात. हसल्या नाहीत (हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं). फक्त म्हणाल्या, "काकुनिन शिमाशिता का?" तपासून घेतलं होतंस का? मी म्हटलं, कशाचं काकुनिन? तर म्हणाल्या, तेच ना, ज्याचं काकुनिन केलेलं नसतं त्याला ओमोइकोमु म्हणतात.

आणि माझ्या तोंडून भस्सकन मराठीत निघालं, "अगंबाई, म्हणजे समजून बसणं!"

आता हे वाक्य बघा, "मी समजून बसले की मीटिंग उद्या आहे." कुणी एवढंच म्हणून थांबलं तरी आपल्याला पुढचं कळतं, मीटिंग उद्या नव्हती आणि बाईंनी घोळ घातलाय. ‘मला वाटलं’ यात चूक असेल किंवा नसेल, ‘समजून बसले’ यात ती आहेच, वर न विचारता, स्वतःच्याच मनाने धरून चालल्याची कबुली पण आहे. ओमोउ आणि ओमोइकोमु यांच्यात नेमका हाच फरक आहे. आपण इंग्रजीमार्गे जपानी शिकतो, आणि त्या वाटेने ‘ठाम खात्री असणे’ हा अर्थ हातात येतो तेव्हा त्यातला घोळाचा वास वाटेतच उडून गेलेला असतो. (मनाने एखादी गोष्ट घेतली की मग हटायचंच नाही, अशा जिद्दीच्या अर्थानेही ओमोइकोमु कधी कधी येतं, पण ऑफिसच्या मेलमध्ये शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते घोळवालंच असतं असं धरून चाला.)

बरं मग खोल विचार केला हे कसं सांगायचं? कांगाएकोमु? मी पण हाच प्रश्न विचारला होता. तेही नाही! कांगाएरु म्हणजे विचार करणं, पण कांगाएकोमु म्हणजे विचार करत बसणं, डोक्याला हात लावून, काही सुचत नसताना. टीममध्ये कांगाएकोमिमाशिता असं लिहिलं असतं तर तुमच्या प्रपोजलने आम्ही दोन दिवस चिंतेत बुडालो होतो असं झालं असतं. ऑफिसात सरळ "जिक्कुरि केन्तो इताशिमाशिता" लिहायचं आणि विषय संपवायचा. कोमु तिथे लागतच नाही.

मग दुसरी चूक, पहिलीच्या उपायातून

समजून बसणं सापडल्यावर मी इतकी खूश झाले की दोनच आठवड्यांनी, फाइल जोडायची राहिली म्हणून माफी मागताना, ‘विसरून बसले’ साठी ठोकून दिलं, "वासुरेकोमिमाशिता."

असं क्रियापद जपानीत नाही. मुळात नाहीच. तिथे "वासुरेते शिमाइमाशिता" पाहिजे होतं.

इथे मला पहिल्यांदा कळलं की हा शब्द पाठ नसण्याचा प्रॉब्लेम नाही, दोन वेगवेगळी यंत्रं मी एकच समजत होते. म्हणजे परत ओमोइकोमु, म्हणा.

घोळ नक्की कुठे होतो

मराठी माणसाचे जपानी भाषा सुरुवातीला फार लाड करते. ताबेते मिरु, खाऊन बघणे, आणि मिरु म्हणजे खरंच बघणे. कात्ते ओकु, घेऊन ठेवणे, ओकु म्हणजे ठेवणे. मोत्ते कुरु घेऊन येणे, मोत्ते इकु घेऊन जाणे, ताबेते शिमाउ खाऊन टाकणे. ‘ते’ काढा ‘ऊन’ लावा, वाक्य तयार. वर्गात बाकीचे डोकं खाजवत असतात तेव्हा मराठी, हिंदी बोलणारी मुलं हा धडा एका दिवसात उडवतात, मी पण उडवला होता. आणि मग आपल्याला वाटतं की दोन क्रियापदं एकत्र दिसली की ही तीच गंमत.

पण कोमुच्या आधी ‘ते’ येत नाही. ओमोत्ते कोमु असं काही नसतं (हे लिहिलेलं मी पाहिलंय, दोनदा). मासु-फॉर्ममधला, म्हणजे क्रियापदाच्या नम्र रूपातला, ‘मासु’ काढला की जो उरतो, ओमोइ, काकि, तोबि, हानाशि, त्याला कोमु थेट चिकटतं, मधे सांधा नाही. आणि सांधा नसल्यामुळे ते दोन शब्द राहतच नाहीत, एकच होतो. ‘खाऊन टाकणे’ मधला टाकणे आपण हव्या त्या क्रियापदामागे लावतो, वाचून टाकलं, झाडून टाकलं, सांगून टाकलं. कोमु असं लावता येत नाही. कुठल्या क्रियापदाला लागतं आणि कुठल्या नाही हे भाषेत आधीच ठरून गेलंय.

यात आणखी एक गुंता असा की जपानीत बिनसांध्याची जोडक्रियापदं पण दोन जातींची आहेत. ताबेहाजिमेरु (खायला लागणे), ताबेत्सुझुकेरु (खात राहणे), ताबेसुगिरु (जास्तच खाणे) यांना पण ‘ते’ नाही, पण हाजिमेरु, त्सुझुकेरु, सुगिरु मात्र जवळजवळ कशालाही लावा, चालतात. म्हणून आपण धडा शिकतो की मासु काढा आणि चिकटवा, आणि कोमुवर पण तोच प्रयोग करतो. तारो कागेयामा या जपानी भाषाशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या दोन जाती वेगळ्या करून दाखवल्या, एक वाक्याच्या व्याकरणातून तयार होणारी आणि दुसरी शब्दकोशातून तयारच येणारी. त्यांच्या मांडणीतली एक परीक्षा घरी करून बघण्यासारखी सोपी आहे. पहिल्या क्रियापदाच्या जागी ‘सो सुरु’ म्हणजे ‘तसं करणे’ घालून बघा. ‘सो शित्सुझुकेरु’, तसं करत राहणे, चालतं. ‘सो शिकोमु’ म्हणून बघा, तसं करणे या अर्थाने उभंच राहत नाही. म्हणजे कोमु शब्दकोशवाल्या जातीतलं. बेंक्यो सुरुपासून बेंक्योशिकोमु करायचा मोह होतो, करू नका.

कुठलं आहे आणि कुठलं नाही हे बघायला तोक्योतल्या ताचिकावाला जी राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्था आहे, कोकुगोकेन म्हणतात तिला, तिचा जोडक्रियापदांचा ऑनलाइन कोश आहे, फुकट आहे, २,७०० हून जास्त जोडक्रियापदं त्यात उदाहरणांसकट आहेत. तिथे नसेल तर बहुतेक तुम्ही ते आत्ता जन्माला घातलंय. (आपल्याला कौतुक वाटावं अशी गोष्ट म्हणजे याच संस्थेत प्राध्यापक म्हणून काम केलेले प्रशांत परदेशी यांनी मराठी आणि जपानी दोन्हींतल्या क्रियापदांवर संशोधन केलंय. तेव्हा हे साम्य मला एकटीला चहा पिताना दिसलं असा माझा अजिबात दावा नाही.)

मी काय करते: आत, बसणे, मुरणे

कोमुची कांजी बघितलीत तर खाली चालण्याचं चिन्ह आणि वर ‘आत शिरणे’ची कांजी. ही चीनमधून आलेली नाही, जपानातच बनवलेली आहे. तर मूळ अर्थ आत जाणं किंवा आत घालणं, आणि अर्ध्याहून जास्त शब्द इथेच सुटतात. तोबिकोमु, आत उडी मारणे; कवी बाशोच्या त्या बेडकाच्या हायकूत, १६८६ सालच्या, जी उडी आहे ती हीच. काकिकोमु, आत लिहिणे, म्हणून वहीच्या समासात टीप लिहिणं पण काकिकोमु आणि नेटवर कमेंट टाकणं पण काकिकोमु. कुमिकोमु, आत बसवणे, एम्बेडेड सॉफ्टवेअरवाल्यांना हा शब्द रोज लागतो. वारिकोमु, मधे घुसणे, रांगेत सुद्धा आणि बोलण्यात सुद्धा. काकेकोमु, धावत आत शिरणे. जपानात स्टेशनवर दार बंद होताना "काकेकोमि जोशा वा ओयामे कुदासाइ" असं जे सतत वाजत असतं ते हेच, धावत येऊन गाडीत घुसू नका. (दादर स्टेशनवर हे लावलं तर दिवसभर बंदच करता येणार नाही.) फुरिकोमु, खात्यात पैसे भरणे, तिकडच्या एटीएमच्या स्क्रीनवर पहिल्याच दिवशी भेटतं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘फुरिकोमे’, म्हणजे ‘पैसे भर’. फोनवर मुलगा किंवा नातू असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांकडून पैसे भरून घ्यायचे प्रकार वाढले तेव्हा २००४ मध्ये जपानी पोलिसांनी त्या गुन्ह्याला नावच दिलं, फुरिकोमे सागि. पैसे-भर-फसवणूक.

नोमिकोमु पण इथलंच, गिळणे. औषध घेणं म्हणजे नुसतं नोमु, पण गोळी घशाखाली उतरते ती नोमिकोमु. आणि नवीन माणसाबद्दल "नोमिकोमि गा हायाइ" म्हटलं की त्याच्या गळी पटकन उतरतं. आपण गळी उतरणं म्हणतो, ते गिळणं म्हणतात, घसा तोच.

आता दुसरा गट, जिथे सगळे पडतात. इथे आत जायला कुठली जागाच नसते, माणूस एका अवस्थेत जातो आणि तिथेच राहतो. इथे डोळे मिटून मराठी ‘बसणे’ लावून बघा. ओमोइकोमु, समजून बसणे. शिंजिकोमु, विश्वास ठेवून बसणे. कांगाएकोमु, विचार करत बसणे. दामारिकोमु, गप्प बसणे, मूग गिळून बसणे. हानाशिकोमु, गप्पा मारत बसणे. सुवारिकोमु, बसकण मारणे, ठाण मांडून बसणे. आंदोलनातलं ठिय्या मांडणं ते सुवारिकोमिच. काकाएकोमु, सगळं एकट्यानेच अंगावर घेऊन बसणे. आमच्या त्या बाई मला महिन्यातून एकदा तरी म्हणतात, "हितोरि दे काकाएकोमानाइदे," एकटीच सगळं घेऊन बसू नकोस, आणि हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, कारण आई पण हेच म्हणते, याच शब्दांत.

कांगाएते इरु आणि कांगाएकोन्दे इरु यातला फरक शब्दांत सांगायला गेलं तर अर्धं पान लागेल. विचार करतोय आणि विचार करत बसलाय. संपलं.

सगळीकडे बसतं असं नाही हं. ओचिकोमुला ‘बसणे’ लागत नाही, तिथे आपण खचून जाणे म्हणू. विक्री, उलाढाल घसरली तरी ओचिकोमुच. हिएकोमु, गारठा पडणे. नेकोमु, अंथरूण धरणे. फुकेकोमु, एकदम म्हातारं दिसायला लागणे. पण खाली, खोल, आणि चटकन वर येणं नाही, हा भाव सगळ्यांत आहे.

तिसरा गट छोटा आणि माझा सगळ्यात लाडका. मुरणे. तीच गोष्ट परत परत किंवा खूप वेळ करून आत भिनवायची. निकोमु, मंद आचेवर शिजवत ठेवणे, रस आत मुरेपर्यंत. ओशिएकोमु, गळी उतरेपर्यंत शिकवणे. हाशिरिकोमु म्हणजे खेळाडू सीझनच्या आधी धावून धावून पायात ताकद मुरवतात ते. त्सुकाइकोन्दा फ्रायपॅन म्हणजे वापरून वापरून मुरलेला तवा, ज्याला आता डोसा चिकटत नाही, ही स्तुती आहे. पण सावध, "काइशा नो काने ओ त्सुकाइकोमु" म्हटलं की ऑफिसचे पैसे स्वतःसाठी वापरून हडप केले! तवा असेल तर कौतुक, पैसे असतील तर पोलीस. आणि योमिकोमु तर एकाच वेळी दोन खोल्यांत राहतं. कॉम्प्युटर डेटा आत घेतो ते योमिकोमु, लोडिंगला ‘योमिकोमि-चू’ लिहिलेलं असतं, आणि माणूस एखादं पुस्तक अर्थ मुरेपर्यंत वाचतो ते पण योमिकोमु.

हे तीन गट मी हवेतून काढलेले नाहीत, फक्त मराठी नावं माझी आहेत. जपानी जोडक्रियापदांच्या अभ्यासक मासाको हिमेनो यांनी कोमुचे आधी दोन मोठे भाग केले, आत जाणं आणि प्रमाण वाढत जाणं, आणि दुसऱ्याचे परत तीन पोटभाग: घट्ट होणं, दाट होणं, साचत जाणं. माझं बसणे त्यांच्या घट्ट होण्याच्या जवळ जातं, मुरणे साचण्याच्या, आणि तो गारठा नि म्हातारपण दाट होण्यात.

सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर वासुरेकोमु होईल. ही युक्ती फक्त जपानीतून मराठीत यायला वापरायची. उलटी नाही. मराठी ‘बसणे’ दोन कामं करतं. गप्प बसणे, समजून बसणे यात माणूस त्या अवस्थेत राहतो. पण विसरून बसणे, पैसे घालवून बसणे, भांडण करून बसणे, यात होऊ नये ते झालं आणि आता हळहळ आहे. ही हळहळ जपानीत शिमाउकडे जाते, कोमुकडे नाही. वासुरेते शिमात्ता, केंका शिते शिमात्ता. तेव्हा ‘बसणे’ सुचलं की आधी स्वतःला विचारा, राहिलंय का हळहळलंय.

बाकीच्या बारीक चुका, भराभर

नि आणि दे, हे आपल्या विभक्ती प्रत्ययांसारखे शब्द. आपण नदीत पोहतो आणि नदीत उडी मारतो, दोन्हीकडे ‘त’. म्हणून कोमुच्या आधी पण बिनदिक्कत ‘दे’ लागतं. कावा दे ओयोगु बरोबर, पण कावा नि तोबिकोमु. जिथे आत जायचंय तिथे नि. कोझा नि फुरिकोमु, नोतो नि काकिकोमु. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे शिकेन नि मोशिकोन्दा, इथे मराठीत ‘त’ पण नाही, तरी नि. मी तर कोमु दिसलं की आधी नि लिहून टाकते आणि मग वाक्य वाचते.

कर्मणी करायचं तर शेपटीला. काकिकोमु, काकिकोमारेरु. काकारेकोमु नाही. माकिकोमु म्हणजे गोवणे, माकिकोमारेरु म्हणजे गोवलं जाणे, आणि अपघाताच्या बातम्यांत सारखं येतं. दुसऱ्याची खोटी समजूत करून दिली तर ओमोइकोमासेरु. पहिल्या तुकड्याला हात लावायचाच नाही, तो गोठलेला आहे.

फॉर्मवर मधली हिरागाना (कांजीसोबत येणारी उच्चाराची) अक्षरं गायब असतात. मोशिकोमिशो हा अर्जाचा शब्द छापताना नुसत्या कांजी ठेवतात, मि पण नाही आणि शि पण नाही. बँकेच्या फुरिकोमिचं पण तेच. वाचता येत नाही म्हणून घाबरू नका, शब्द तोच आहे, जागा वाचवलीये.

हिकिकोमोरि, म्हणजे वर्षानुवर्षं घरात कोंडून घेतलेली माणसं, यात कोमु नाहीये. तिथे कोमोरु आहे, दार लावून आत राहणे, कांजी पण वेगळी. हिक्कोमु, मागे सरणे, यात मात्र कोमुच आहे, हिकि चं हिक् झालंय. तसंच त्सुकि चं त्सुक् होऊन त्सुक्कोमु, खुपसणे. मांझाइच्या, म्हणजे दोघांच्या विनोदी जुगलबंदीच्या, जोडीत वेड्यासारखं बोलणाऱ्याला जो टपली मारतो तो त्सुक्कोमि.

ट्रेनमध्ये गर्दी आहे हे ‘कोन्दे इमासु’ पण कोमुच, फक्त त्यासाठी मिसळणे अर्थाची कांजी आता जास्त दिसते, आणि २०१० च्या सरकारी कांजी यादीत तिचं कोमु हे वाचन अधिकृतपणे आलं. बाकी किमतीच्या पाटीवरचं झेइकोमि म्हणजे करासकट, आणि ताकिकोमि गोहान म्हणजे सगळं आत घालून शिजवलेला भात. मला पहिल्यांदा वाढला तेव्हा मी मनात म्हटलं, मसालेभात, बिनमसाल्याचा.

राहिला काळ. ओमोइकोमु स्वतःबद्दल वर्तमानात वापरता येत नाही, आणि याचं कारण मराठीत लगेच दिसतं. "मी समजून बसलेय की उद्या सुट्टी आहे" असं कोण म्हणेल? चूक कळली असती तर समजून बसलीच नसती. दुसऱ्याबद्दल चालतं, तो समजून बसलाय, कारे वा ओमोइकोन्दे इरु. स्वतःबद्दल म्हणायचं तर चूक उघडी पडल्यावर, ‘समजून बसले होते’, आणि त्यातला ‘होते’ महत्त्वाचा. ओमोइकोमिमाशिता लिहिलं तर तुटक लागतं, ओमोइकोन्दे इमाशिता पाहिजे. मेलसाठी तयार वाक्य देऊन ठेवते, मीटिंगच्या जागी डेडलाइन घाला, तारीख घाला, काहीही घाला:

"काइगि वा आशिता दा तो ओमोइकोन्दे इमाशिता. मोशिवाके आरिमासेन."

यात ‘दा तो’ विसरू नका, पोरं ‘आशिता तो’ लिहितात.